मोठीमायनं सांगितलेलं वावधन

वादळ येण्याआधी काय काय होतं, हे मी अकोल्याच्या एका शाळेत सव्वीस वर्षं शिकवत आलो आहे. दिवसभराचा उकाडा, मग एकाएकी वारा पडणं, पश्चिमेला वर वर चढत जाणारा काळा ढग, त्याच्या पोटाखालचा मातकट पिवळा उजेड आणि शेवटी गार झोत. फळ्यावर तो ढग मी इतका झकास काढतो की पोरं तो पुसू देत नाहीत. एवढं सगळं येणाऱ्या माणसाला स्वतःच्या गावी, अमरावतीजवळच्या वलगावात, खरं वादळ डोक्यावर आलं तरी कळलं नाही. कळलं नाही असंही नाही म्हणा. एका बाईनं सांगितलं आणि मी तिला खाली बसवलं.

ती बाई म्हणजे माझी मोठीमाय, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई लवकर गेली, तेव्हापासून मी तिच्याच हातची भाकर खाऊन वाढलो. तिचा जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करण्यात गेला. स्वतः शाळेची पायरी चढली नाही, पण मला शाळेत हाकलायला रोज गावाच्या टोकापर्यंत यायची. माझ्या शिक्षणाचा तिला भारी अभिमान. मी म्हटलं म्हणजे ते खरंच असणार, असं ती धरून चालायची.

दोन-तीन वर्षांपूर्वीची बुद्ध पौर्णिमा. गावच्या विहारात कार्यक्रम होता आणि प्रमुख पाहुणा मी. विहाराची खोली पक्की, स्लॅबची, पण आत खिरीचे गंज, मोठाली पातेली, मांडलेले. म्हणून भाषणं बाहेर, लोखंडी पाइप आणि कापडाच्या मांडवात. दुपारचे साडेचार वाजले असतील. विषय माझ्या आवडीचा, वैज्ञानिक दृष्टी. मांजर आडवं जाणं, डोळा फडफडणं, दारावरचं लिंबू-मिरची, एकेकाची मी सालं काढत होतो आणि लोक हसत होते. लोक हसले की मला चढते, खोटं कशाला बोलू.

मोठीमाय बायांच्या बाजूला अगदी कडेला बसली होती. तिथून तिला आभाळ दिसत होतं, माझ्या डोक्यावर नुसतं कापड. मध्येच ती उभी राहिली.

"बाबू, लोकायले इहारात घे," ती म्हणाली. "वावधन येऊन राह्यलं."

वावधन म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात उठणारं, घरांवरची टिनं उडवणारं वादळ. मांडवाची झालर तेव्हा जराही हलत नव्हती. समोरच्यांचे सदरे घामानं पाठीला चिकटले होते. हे मी पाहत होतो. पण भाषण रंगात आलं होतं.

"कशावरून म्हणतेस?" मी माइकवरूनच विचारलं.

"सकायपासून मुंग्या अंडे घेऊन भितीवर चढून राह्यल्या. बकऱ्या दावं तोडून राह्यल्या. अन् वारा पाह्य ना, पार मेला."

झालं, मला आयतं उदाहरण सापडलं. मी खिशातून मोबाइल काढला. त्यात हवामानाच्या जागी सूर्याचं पिवळंधमक चित्र होतं, ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणालो, "मोठीमाय, मुंग्यांना विचारायचे दिवस गेले आता. बस खाली."

अख्खा मांडव हसला. तीही ओशाळून हसली, पदर सावरला आणि बसली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, हात धरून बाया उठवल्या असत्या. मी सांगितलं म्हणून ती बसली. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढं पाच-सात मिनिटंच गेली असतील. गार झोत आला. फळ्यावर मी त्याला शेवटची खूण म्हणून दुहेरी रेघ मारतो. तरीही मी तोंडातलं वाक्य पूर्ण केलं. मग धुळीनं समोरचं काही दिसेना, मांडव एकदा फुगला आणि पाइपांसकट उचलला गेला. मोठीमाय बायांना विहाराच्या दारात ढकलत होती. सगळ्या आत गेल्यावर ती निघाली आणि पाइप तिच्या उजव्या हातावर आला. मनगट मोडलं. मी तेव्हा कुठं होतो? आत, खिरीच्या गंजांपाशी, सगळ्यांच्या आधी पोचलेला.

दुसऱ्या दिवशी माझी बायको आणि मुलगी अकोल्याहून अमरावतीच्या दवाखान्यात आल्या. मुलगी कॉलेजात आहे, दहावीपर्यंत भूगोल माझ्याच हाताखाली शिकलेली. ती प्लास्टरकडं पाहत म्हणाली, "बाबा, तुम्हाला आधी कळलं कसं नाही?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण मोठीमाय पलंगावरून आधी बोलली.

"त्याले कळलं होतं वो. त्यानं तं सांगतलं होतं, उठा म्हणून. मीच आयकलं नाही."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, होकारार्थी. मग ती मोठीमायच्या उशाशी बसून तिला लाडानं रागावली, "आजी, बाबांचं ऐकत जा ना गं. ते शिकलेले आहेत."

"हो माय," मोठीमाय म्हणाली, "चुकलंच माहं."