आबांचा भाजलेला हात
परवा नातीच्या हातावर चहा सांडला म्हणून चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल वाटीत घोटलं, आणि त्या वासासरशी दौंडची आमची रेल्वेची चाळ आठवली. माझे वडील, आमचे आबा, कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते, भट्टीत फावड्यानं कोळसा टाकायचे. एका उन्हाळ्यात भट्टीच्या झोतानं त्यांचा उजवा हात भाजला. रोज सकाळी दारात बसून मी कोंबडीच्या पिसानं त्यावर हेच तेल लावायची, पण बोटं पार बधिर झाली होती, काही दुखतच नव्हतं. हे लक्षण चांगलं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आबा दिवसभर हाताकडे बघत गप्प बसायचे. आठव्या दिवशी पीस करंगळीला लागलं आणि ते "आई गं!" म्हणून ओरडले. मी घाबरून हात मागं घेतला, तर ते रडता रडता हसत होते. "दुखतंय, पोरी! लाव तू, थांबू नगं. दुखतंय म्हंजी हात हाय माझा!" पुढं महिनाभर त्यांनी कळा सोसल्या, पण कण्हत का होईना, आमच्याशी बोलू लागले, आणि पावसाळ्यात त्याच हातानं पुन्हा फावडं धरलं. आबांना जाऊन आता किती वर्षं झाली. हल्ली पहाटे माझे गुडघे ठणकतात, तेव्हा वाटतं, "आबा, दुखतंय हो," एवढंच त्यांना एकदा सांगावं.