थंडगार छताची चौकशी

उस्मानाबादच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमच्या जिल्ह्याला राज्यं बदलायची सवयच लागली होती. निजाम गेला, हैदराबाद राज्य गेलं, मुंबई राज्य गेलं आणि दर खेपेला जुन्याच कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या. या वेळी पाट्यांबरोबर घरंही आली. सरकारी नोकरांसाठी गावाबाहेर खोल्यांची लांबलचक ओळ बांधली होती, तिच्यातली कोपऱ्याची खोली मला आणि माझ्या वडलांना मिळाली.

बांधणारा गुत्तेदार मोठा हौशी. निजामाच्या काळात शेरवानी घालायचा, आता खादी. आतला माणूस तोच. पत्र्याचं छप्पर उन्हाळ्यात तापतं म्हणून त्यानं पत्र्याखाली तरट ताणलं होतं, तरटाला वरच्या अंगानं डांबर पाजलं होतं आणि खालून चुन्याचा हात मारला होता. किल्ली देताना वर बोट दाखवून म्हणाला, "बाई, सीलिंग हाय. महाबळेश्वरात निजल्यागत वाटंल."

खोल्यांमधल्या भिंती त्यानं सीलिंगपर्यंतच उचलल्या होत्या. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांची मिळून एकच पोकळी. उंदरांना तेवढी सोय झाली होती. आम्ही हसायचो. थंडावा मात्र खरंच होता, ते नाकारून चालायचं नाही.

माझ्या शेजारी सगळ्या ओळीची खाला, म्हणजे मावशी, राहायची. तिचा नवरा कोर्टात शिपाई. तिच्या पलीकडं सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, त्याची बायको, अंथरुणाला खिळलेली आई आणि माझ्याच वर्गात शिकणारी मुलगी.

चैत्रातली दुपार होती. शाळा सकाळची, त्यामुळं मी घरी होते; वडील गावात गेले होते. कंपाउंडरची मुलगी माझ्या ओट्यावर गणितं सोडवत बसली होती. तेवढ्यात खाला ओरडली, "धुआँ! अरे धुआँ देखो!"

पार त्या टोकाच्या खोलीवरून धूर निघत होता. त्या खोलीला तर कुलूप होतं. आग कशानं लागली ते कुणीच पाहिलं नाही, पण ती कशी चालली ते सगळ्यांनी पाहिलं. भिंतींना हात न लावता ती वरच्या वर, या घरावरून त्या घरावर सरकत आली, आणि खाली पेटलेलं डांबर गळायला लागलं. कंपाउंडरची बायको नळावर होती. तिनं घागर तिथंच टाकली आणि सासूला काढायला आत पळाली. म्हातारीला काखेत धरून ती दारापर्यंत आली, तेही आम्ही पाहिलं. मग वरचं सगळं छत दोघींच्या अंगावर आलं.

मी मुलीला मिठीत आवळून धरलं होतं. ती ओरडत नव्हती, नुसती माझ्या दंडाला चावत होती.

लोकांनी खालाच्या खोलीवरचे पत्रे आणि तरट उपसून काढलं, म्हणून आग तिथंच थांबली आणि माझी खोली वाचली.

चौकशीला साहेब आले ते जीपमधून. जीप गुत्तेदाराची. लिंबाखाली टेबल-खुर्च्या मांडल्या, त्याही गुत्तेदाराच्या. चिवडा आला, तो कुणाचा ते विचारायचं कारण नव्हतं.

साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "स्टोव्ह कुणाकडे होता?"

कंपाउंडर उभा राहिला. "साहेब, आमच्यात स्टोव्ह न्हाय. चूल हाय, तीबी मागं अंगणात."

गुत्तेदारानं उसासा सोडला. "बाईमाणसाचं ध्यान नसतंय साहेब. पदर कुठं जातोय, ठिणगी कुठं जातीय..."

"हं. मयताचा निष्काळजीपणा," साहेब म्हणाले आणि कारकुनाकडं बघून मान हलवली. मेलेली माणसं उलट बोलत नाहीत, त्यामुळं चौकशी झपाट्यानं पुढं सरकत होती.

मी म्हणाले, "साहेब, अख्ख्या ओळीत स्टोव्ह एकच होता. तो माझा. आणि वाचलेली खोलीही माझीच आहे."

"ते लिहायची गरज नाही," साहेब कारकुनाला म्हणाले.

आमच्या ओळीसमोरच दुसरी ओळ तयार उभी होती. तेच पत्रे, तेच तरट. उद्घाटनासाठी पताकासुद्धा लावून झाल्या होत्या. खालानं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि पुढं येऊन अगदी अदबीनं म्हणाली, "साब, धूप बहुत है. नए कमरे में बैठो ना. बाई का इस्टो लाती, अंदरीच चाय बना देती."

साहेबांना कल्पना आवडली. ते उठले आणि निघालेसुद्धा. गुत्तेदारानं धावत जाऊन त्यांचं कोपर धरलं.

"नको नको साहेब, चहा भाहेरच घेऊ."

"कायकू?" खाला म्हणाली. "छत तो अच्छा है बोले ना तुम?"

"हितं वारं ग्वाड हाय," गुत्तेदार म्हणाला. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

साहेब नव्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थबकले होते. त्यांनी वर पाहिलं, गुत्तेदाराच्या तोंडाकडं पाहिलं, आणि परत येऊन खुर्चीवर बसले. बसण्याआधी खुर्ची त्या ओळीपासून चांगली लांब ओढून घेतली. चौकशी तिथंच आटोपली.

निकाल आला: मयताचा निष्काळजीपणा. उद्घाटनाआधी नव्या ओळीतलं तरट मात्र गुपचूप काढलं गेलं. काढायचं कामही गुत्तेदारालाच मिळालं. आम्हाला त्याच ओळीत खोल्या मिळाल्या आणि भिंतीवर पाटी लागली, 'येथे स्टोव्ह पेटवू नये.' बदली होईपर्यंत मी त्या पाटीखालीच स्टोव्हवर स्वयंपाक केला.

कंपाउंडरनं नवी खोली घेतली नाही. मुलीला घेऊन तो गावात भाड्यानं राहिला आणि धुतलेले कपडे घालून कचेरीत खेटे घालू लागला. त्याला भरपाई नको होती. त्याचं म्हणणं एवढंच, "निष्काळजीपणा हा शब्द खोडा. उद्या कुणी पोरीला म्हणलं, तुझ्या आयनं आग लावली, तर तिनं काय सांगावं?"

पहिले साहेब बदलून गेले, दुसरे आले. कंपाउंडर मला आणि खालाला सोबत घेऊन गेला. खालानं चहाची हकीकत सांगितली. नवे साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. पुढं बऱ्याच दिवसांनी निकालात दुरुस्ती झाली: आगीचे कारण अज्ञात.

मी संतापले. "अज्ञात कसं? सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

"गावाला हाय बाई, सरकारला न्हाय," कंपाउंडर म्हणाला. "पर तिच्यावरचं गेलं." मग तो कचेरीच्या पायरीवर बसला आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर रडला.

त्या वेळी दवाखान्याच्या नव्या वॉर्डाचं बांधकाम चाललं होतं. गुत्तेदार तोच. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर कंपाउंडर सरळ त्या बांधकामात शिरला, शिडीवर चढला आणि गुत्तेदारासमोर छताच्या सांगाड्याला हात लावून पाहिला. खाली उतरून औषधं द्यायला निघून गेला. मग अधूनमधून तो असाच जायचा. मजूर शिडी धरायचे. गुत्तेदार आपण होऊन त्याला आधी नमस्कार करायला लागला. कंपाउंडरनं तो कधी घेतला नाही. त्या वॉर्डावर तरट नाही, सिमेंटचा स्लॅब टाकला गेला.