पियर्सिंगचा तेलुगू अर्थ

पियर्सिंग. हा एक शब्द आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

आदिलाबाद जिल्ह्याची वाटणी झाली ते वर्ष. किनवट तिकडं मुंबई राज्यात गेलं, आमचं बेला इकडं आंध्रात आलं. माझा मामा किनवटचा, तो बसल्या जागी परराज्यातला झाला. आमचे मराठी गुरुजी तिकडची बदली मागून निघून गेले आणि सातवीला इंग्रजी शिकवायला तेलुगू मास्तर आले. माणूस भला, पण इंग्रजी शब्दाचा अर्थ फळ्यावर तेलुगूत लिहायचे. न कळणाऱ्या शब्दाला न कळणारा अर्थ! मी घोकायची आणि विसरायची.

बाबांचं शाळेसमोरच किराणा दुकान होतं. त्यांनी बजावलं होतं, "पास झाली तं आदिलाबादले आठवीत घालतो. नाई तं बस घरी." मला घरी बसायचं नव्हतं. थोरल्या बहिणीसारखं पंधराव्या वर्षी बोहल्यावर तर मुळीच चढायचं नव्हतं.

तोंडी परीक्षेला आदिलाबादहून साहेब आले. त्यांनी मला नेमका पियर्सिंगच विचारला, शब्दशः अर्थ सांग आणि लाक्षणिकही सांग म्हणाले. तेवढं तेलुगू मला समजायचं, बोलता यायचं नाही. आणि या एका शब्दाचा अर्थ मला येत होता हो, मास्तरांनी तो कानाला आणि काळजाला बोट टोचून दाखवला होता! मी मराठीतच सुरू झाले. मामाच्या मांडीवर बसवून, तोंडात गुळाचा खडा देऊन सोनारानं माझे कान टोचले, ते पियर्सिंग. पूस महिन्यातली थंडी अंगाला बोचते, तेही. आत्या टोमणा मारते आणि आईच्या जिव्हारी लागतो, तेही. शेजारणीचा नवरा गेला तेव्हा तिची किंकाळी काळजात घुसली, तेही तेच.

साहेब खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "तेलुगूलो चेप्पु." तेलुगूत सांग. ते मला कुठून येणार! त्यांनी कागदावर शून्य काढलं, मला दिसलं.

परीक्षा आटोपल्यावर साहेब आमच्याच दुकानात चहाला टेकले. बाबांनी हिंदीत विचारलं, "हमारी लडकी का क्या हुआ, साब?"

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं आणि चक्क आमच्या बोलीत म्हणाले, "पोरगी हुशार हाय, भाऊ. सारं बरोबर सांगितलं तिनं. आत्याचा टोमणा तं मले बी लागला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मंग शून्य काऊन देल्लं?" मी दारातून ओरडले.

"मराठी उत्तराले मार्क देल्ले अन् मी मराठी हाय हे वर समजलं तं मले बी तिकडं मुंबई राज्यात धाडतीन, बाई. माहं वावर इथं हाय, म्हातारी माय इथं हाय."

"म्हंजे नापासच ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

मला वाटलं, आता बाबा भांडतील. पण त्यांना साहेबांची अडचण पटली! त्यांनी साहेबांना अजून अर्धा कप चहा ओतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दप्तर आत ठेव."