खऱ्या शिंपल्याची खूण

दूध संघाच्या लॅबमध्ये आयुष्य घालवलं की माणूस चहासुद्धा सरळ मनानं पीत नाही. माझी सगळी नोकरी दुधात पाणी, साखर आणि नको ते शोधण्यात गेली. दूध चांगलं निघालं तरी मला बरं वाटायचं नाही. उलट फॅट जरा जास्त लागलं की मी तोच नमुना परत लावायचे. आता निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. भाजीवाली वजन करते तेव्हा मी भाजीकडं बघत नाही, तिच्या अंगठ्याकडं बघते.

अशा बाईनं टँकरच्या ड्रायव्हरशी लग्न केलं, यावर लॅबमध्ये बरेच दिवस हसणं चाललं होतं. वाटेत दूध काढून पाणी घालतो तो ड्रायव्हरच, असा आमचा सगळ्यांचा पक्का समज. मालकांच्या, म्हणजे पुढं माझे नवरे झाले त्यांच्या, टँकरचं दूध मात्र दरवेळी चोख निघायचं, म्हणून मला त्यांचा जास्तच संशय यायचा. मी त्यांचे नमुने मुद्दाम दोनदा तपासायचे आणि ते दाराला टेकून गंमत बघायचे. पुढं त्यांनीच आमच्या घरी मागणी घातली. होकार द्यायच्या आधी मी त्यांच्या गावात चारचौघांकडं चौकशी केली, हे त्यांना माहीत होतं. त्याचं त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही, आणि मला तेही जरा विचित्रच वाटायचं.

शिंपल्याच्या कानातल्यांची हौस माझी जुनी. सोनं काय, सगळ्यांच्याच कानात असतं. पण काळं इरकल, केस मागं चापून बांधलेले, आणि कानात फक्त एक पांढरा गोल, मान वळवली की कधी गुलाबी तर कधी हिरवट झळकणारा, असं मी एकदा एका लग्नात बघितलं होतं. ते डोक्यातून जाईना. कोल्हापूरच्या गुजरीत, सोनारांच्या गल्लीत, जाऊन चार दुकानं हिंडले. खरा शिंपला गालाला लावला की गार लागतो, प्लॅस्टिकपेक्षा जड असतो, दाताच्या कडेवर हलकेच घासला तर बारीक रवाळ लागतो, आणि जोडीतली दोन कधी तंतोतंत सारखी नसतात, एवढं मी याला त्याला विचारून गोळा केलं होतं. एका दुकानात मी कानातलं दाताला लावलं तेव्हा दुकानदारानं डबा मिटला आणि म्हणाला, “वैनी, खायचं दुकान पलीकडं हाय.” मी परत काही गेले नाही.

मग एकदा मालक गोव्याच्या फेरीवरून आले ते कागदाची पुडी घेऊन. आत चांदीच्या कोंदणात बसवलेली शिंपल्याची कानातली. डाव्याच्या कडेला केसासारखी पिवळसर रेघ, उजवं स्वच्छ. मी विचारलं, कुठून घेतली. पणजीच्या बाजारात एक म्हातारी विकत बसली होती म्हणाले. किती म्हातारी, असंही मी विचारून घेतलं. किंमत विचारली तर हसले आणि म्हणाले, “इचारू नगंस.” तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. किंमत न सांगणारा माणूस एक तर फसलेला असतो, नाहीतर फसवत असतो.

मी सगळ्या परीक्षा घेतल्या. गालाला गार लागली. जड होती. दाताला रवाळ लागली. रेघेमुळं दोन सारखीही नव्हती. एवढं सगळं जागच्या जागी आहे म्हटल्यावर संशय कमी व्हायचा की वाढायचा? माझा वाढला. हल्ली रेघसुद्धा मुद्दाम काढतात, असं मी म्हणाले.

एकच परीक्षा अशी होती की तिच्यापुढं वाद चालत नाही. शिंपला म्हणजे शेवटी चुनाच. त्यावर आम्लाचा थेंब टाकला की खरा असेल तर फसफसणार, प्लॅस्टिक असेल तर ढिम्म. लॅबमध्ये आम्लाची बाटली हाताशीच होती. पण फसफसलं म्हणजे तेवढी जागा कायमची गेली, झळाळी उडाली. म्हणजे खोटं असेल तर शाबूत राहणार आणि खरं असेल तर नासणार. मालकांना हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच हातात धरून म्हणाले, “टाक की थेंब. पर मग कानात काय घालशील?”

मी थेंब टाकला नाही. कानातलीही फारशी घातली नाहीत. कधी घातलीच आणि कुणी चांगली आहेत म्हटलं की मी लगेच सांगायचे, खोटी आहेत ओ, गोव्याहून उचलून आणलीत. मालक बाजूला असले तरी सांगायचे. ते म्हणायचे, खरी हाईत, आणि विषय सोडून द्यायचे. जपायची मात्र मी ती खऱ्यासारखीच. आधी पावडर, अत्तर, मग कानातली. काढली की जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसून त्याच फडक्यात गुंडाळून ठेवायची.

मालक जाऊन आता काही वर्षं झाली. ते गेल्यावर कानातली फडक्यातच राहिली.

मुलाचं लग्न गेल्या वर्षी झालं. सून इचलकरंजीची, माहेरी यंत्रमाग. बोलायला कमी, कामाला चलाख. ती मला आत्ती म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासून भरवसा नाही. डब्यातली साखर किती उतरली, फोन आला की ती गच्चीत का जाते, माहेरहून आलेली पिशवी परत जाताना जड का वाटते, असलं सगळं माझ्या नजरेत असायचं. मी बोलत नव्हते, पण बघत होते, आणि बघतेय हे तिला दिसत होतं.

माघात जोतिबाच्या खेट्यांना, म्हणजे रविवारी डोंगर चढून दर्शनाला, दोघं नवराबायको निघाली. सून गळ्यात, कानात सोनं घालून तयार झाली होती. मी म्हणाले, डोंगरावर रविवारची गर्दी, गुलालात डोळे मिटतात तेवढ्यात कोण काय ओढेल सांगता येत नाही, काढून ठेव. मग कान मोकळे दिसायला लागले म्हणून मी ती शिंपल्याची काढून दिली. खोटी आहेत, गेली तरी रडायला नको, असं वर सांगितलं. तिनं आरशात बघितलं आणि फार शोभतात म्हणाली. खरंच शोभत होती.

संध्याकाळी दोघं नखशिखांत गुलाबी होऊन आली. कानातली काही त्या दिवशी परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. त्या आठवड्यात ती एकदा महाद्वार रोडच्या बाजारात जाऊन आली, फॉल-बिडिंगसाठी म्हणून, आणि साडी काही मला दिसली नाही. मग एका सकाळी तिनं कानातली माझ्या हातात ठेवली. फडक्यात नव्हती, लहान पारदर्शक डबीत होती. मी खिडकीशी गेले. डाव्याच्या कडेची पिवळी रेघ नव्हती.

जोडी बदललेली होती. मला आधी एक प्रकारचं समाधान वाटलं. आपला अंदाज बरोबर निघाल्याचं समाधान, दुसरं काय. मी नवी जोडी गालाला लावली, दाताला लावली. गार, रवाळ, जड. तिथं माझं डोकं थांबलं. ही खरी होती. खोटं नेऊन खरं ठेवणारा चोर मी अजून बघितला नव्हता. मग याचा अर्थ एकच, माझी या जोडीपेक्षा भारी असणार आणि ती सुनेच्या माहेरी पोचली असणार. दोन दिवस मी तेच दळत बसले. तिच्या आईला फोन करायचा म्हणून नंबरही काढला, पण लावला नाही. मुलाला काही सांगितलं नाही. त्यानं बायकोचीच बाजू घेतली असती, आणि आईला खुळी ठरवलं असतं.

शेवटी ती भाकरी थापत असताना मी डबी काठवटीशेजारी ठेवली. म्हणाले, ही माझी नव्हेत. माझी कुठं आहेत ते सांग.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बंद केला, हात धुतले आणि आत गेली. मी मनात तयारी केली होती की आता रडणं होणार, मुलाला फोन जाणार. ती आली ती रुमालाची पुरचुंडी घेऊन. त्यात माझी कानातली होती. डाव्याच्या कडेची रेघ पुसट दिसत होती. बाकी सगळं पांढरंफटक, भिंतीच्या पोपड्यासारखं. कोंदणाच्या खाचेत अजून गुलाल होता.

काय झालं ते तिनं खाली बघत सांगितलं. डोंगरावरून आल्यावर देवघरातले टाक धुवायचे होते. चांदीचे टाक ती लिंबाच्या पाण्यात मीठ घालून टाकते, तिच्या आईची तशीच रीत. कानातल्यांच्या कोंदणात गुलाल बसला होता, चांदीच आहे म्हणून तीही त्याच पाण्यात टाकली, आणि रात्रभर राहू दिली. म्हणाली, “बुडबुडे येत व्हते आत्ती. मला वाटलं मळ सुटतोय.”

मी विचारलं, कशावर येत होते, चांदीवर?

“न्हाय. शिंपल्यावर.”

मी खाली पाटावर बसले. सून घाबरली, पाणी आणू का म्हणाली. मी तिला परत विचारलं, नक्की बघितलंस का, किती वेळ येत होते, बारीक की मोठे. ती म्हणाली, बारीक, सोड्यासारखे, बराच वेळ. आयुष्यभर नमुने तपासलेल्या बाईला यापुढं काय सांगायचं राहतं?

मग मी विचारलं की झालं ते झालं, पण सांगितलं का नाहीस, आपल्या पैशानं नवी आणून लपवाछपवी कशाला. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

“सांगितलं असतं तर तुमी तेबी तपासलं असतं, आत्ती.”

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तो तिच्यावर धरून ठेवायला जागाच सापडेना. तिनं विचारलं, ही आता टाकून द्यायची का. मी म्हणाले, “टाकतीस कशाला? आत्ता कुठं खात्री झाली.” तिला काही कळलं नाही. तेव्हा मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, पणजीची म्हातारी, न सांगितलेली किंमत, आम्लाचा थेंब, सगळं. भाकरी तव्यावर गार होऊन गेली. ऐकून ती एवढंच म्हणाली, की मामांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, किती ऐकून घेतलं असेल.

नवी जोडी मी तिला दिली. घ्यायला तयार नव्हती, मी रागावून दिली. लिंबात घालू नकोस म्हणाले, तेव्हा दोघींना हसू आलं.

जुनी मी घालते. गुजरीत एकानं घासून थोडी चमक आणून देतो म्हणून सांगितलं, मी नको म्हणाले. त्यानं किती घासलं आणि वर काय लावलं ते कोण बघणार? मान वळवली तर आता त्यात गुलाबी दिसत नाही, हिरवं दिसत नाही, नुसता चुना दिसतो. परवा एका लग्नात एका बाईनं विचारलंच, ही प्लॅस्टिकची का ओ. पूर्वी मी हे दुसऱ्यांना सांगायचे, आता दुसरे मला सांगतात.

“खरी हाईत,” मी म्हणाले. आणि सवयीनं बाजूला बघितलं, त्यांनी ऐकलं का म्हणून.