हळदीच्या गाण्याची फाईल

जळगावात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. फोटोग्राफर कार्ड आणून देतात, मी सिनेमा बनवून देते. एकदा पेनड्राइव्ह घरी पोचला की सहसा कुणाचा फोन येत नाही. म्हणून शिंदखेड्याहून तीन वर्षांपूर्वीच्या एका नवरीचा फोन आला, तेव्हा मला आधी आवाजच ओळखू आला नाही.

"ताई, हळदीला माझ्या आईने गाणं म्हटलं होतं, आठवतं? ते आख्खं पाहिजे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मला आठवत होतं. जात्याला हळकुंडं बांधून बायका बसल्या होत्या आणि तिची आई एकटी, डोळे मिटून, अहिराणीत गात होती. सात-आठ मिनिटांचं गाणं. सिनेमात मी त्यातले जेमतेम अकरा सेकंद घेतले होते. तेही आवाज बंद करून, वर चित्रपटातलं गाणं टाकून.

"आईचं घशाचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "आवाज गेला. मायलेच ऐकनं शे आते, आपण कशा गात होतो ते."

आईलाच आपलं गाणं ऐकायचं होतं. मी म्हटलं, "उद्या देते." इतक्या सहज म्हटलं मी ते.

जुना प्रोजेक्ट उघडला तर सगळा पडदा लाल. फाइल सापडत नाही, असा निरोप प्रत्येक क्लिपवर. घाबरण्याचं कारण नव्हतं. मध्यंतरी मी सगळं काम जुन्या डिस्कवरून नव्या, मोठ्या डिस्कवर हलवलं होतं; सॉफ्टवेअरला नवा पत्ता सांगितला की ते आपोआप जोडून घेतं. मी फोल्डर दाखवला. क्षणात लाल रंग गेला. मी हळदीपाशी गेले आणि प्ले दाबलं.

पडद्यावर पंगत दिसली. कुणीतरी कढी वाढत होतं. जिथे तिच्या आईने मान वर करून सूर लावला होता, बरोबर त्या जागी दृश्य बदललं आणि बँडवाला ढोल बडवताना आला. हळदीचा एकेक कट जागच्या जागी होता, माझ्याच हाताने बसवलेला, आणि प्रत्येकात दुसऱ्या दिवशीचं लग्न भरलं होतं.

चुकीचं जोडलं गेलं असेल म्हणून मी फोल्डर उघडून क्लिपा मोजल्या. निम्म्याच होत्या. काय झालं असेल ते मला मोजतानाच कळलं.

कॅमेरावाल्याने दोन कार्डं वापरली होती, एक हळदीला, एक लग्नाला. कॅमेऱ्याने दोन्हींवर नंबर एकपासूनच टाकले. म्हणजे दोन्हीकडे त्याच नावाच्या फाइली. आधी मी त्या वेगळ्या फोल्डरांत ठेवल्या होत्या. डिस्क बदलताना मध्येच लाइट गेली, कॉपी अर्धवट राहिली. पुन्हा सुरू करताना कंटाळून दोन्ही फोल्डरांतलं सगळं एकाच ठिकाणी ओतलं. कॉम्प्युटरने विचारलं होतं, या नावाची फाइल आधीच आहे, काय करू? मला वाटलं, मघाशी अर्धी झालेली कॉपी असेल. मी सगळं रिप्लेस करायला सांगितलं, आणि हळदीच्या फाइलींच्या जागी लग्नाच्या बसल्या. मग जुनी डिस्क पुसली आणि चोपड्याच्या एका लग्नासाठी वापरून टाकली.

त्यानंतर पाच दिवस मी दुसरं काही केलं नाही. कॅमेरावाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कार्ड तर तवाच पुसलं. पुढच्या ऑर्डरला लागतं ना." जुनी डिस्क डेटा काढून देणाऱ्याकडे नेली. त्याने जे परत आणलं ते सगळं चोपड्याचं होतं. एका जुन्या बॅकअप प्रोजेक्टमध्ये हळदीची क्लिप सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. चित्र लाल होतं, पण खाली आवाजाची हिरवी रेघ शाबूत होती. सॉफ्टवेअर ती रेघ वेगळी जपून ठेवतं. आईने कुठे दम घेतला, कुठे आवाज चढवला, सगळं दिसत होतं. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. ती नुसती रेघच होती.

फोनवर सांगायचं धैर्य झालं नाही. धुळ्याला बस बदलून शिंदखेड्याला गेले. मला दारात पाहून मुलीचा चेहरा उजळला.

"सापडनं का, ताई?"

आई आत पलंगावर होती, गळ्याला पांढरा रुमाल. मी दोघींसमोर बसून सगळं सांगितलं. नंबर, फोल्डर, रिप्लेस. मधेच लक्षात आलं की मी समजावण्याच्या नावाखाली सुटायला बघते आहे, तेव्हा थांबले आणि म्हटलं, "माझ्या हातून गेलं."

"बठ्ठं?" मुलीने विचारलं.

"सगळं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. आई माझ्याकडे बघत होती. उशाची वही ओढून तिने लिहिलं, अक्षर मोठं, दुसरी-तिसरीतल्यासारखं: 'कशी गायची मी? चांगली?'

"चांगल्या," मी म्हटलं. खरं तर मला तिचा आवाज आठवत नव्हता. एडिट करताना एकदा कानावर पडल्यावर मी तो बंदच ठेवला होता. तिने वाचून घेतल्यासारखं माझं तोंड निरखलं आणि वही मिटली.

मुलगी परत बाहेर आली नाही. मी चपला घालून निघाले. आई फाटकापर्यंत आली. तिने ओठ उघडले. पाहुण्याला निरोप देताना म्हणतात तसं काहीतरी म्हणायचं असावं. नुसती हवा आली. आवाज नाही हे तिचं तिलाच आठवलं, आणि तिने रुमालावर हात ठेवला.

मी बसस्टँडकडे चालू लागले. काय म्हणायचं होतं, ते तिला विचारलं नाही.