तेलाच्या बाटलीवरची पाटी

माझ्या माहेरी माणसं एकमेकांशी बोलत नसत असं नाही, पण महत्त्वाचं काही असलं की ते लिहून लावलं जायचं. दह्याच्या भांड्यावर ‘विरजण लावले आहे, हलवू नये.’ फ्रिजवर ‘दार नीट लागले की नाही ते पाहावे.’ न्हाणीघराच्या दारावर ‘आतल्या माणसालाही घाई असते.’ पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो आणि या चिठ्ठ्यांमुळे भांडणं टळतात असं वडिलांचं ठाम मत होतं. भांडणं टळत नव्हती, फक्त लेखी व्हायची. पुढे मी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना लिहिण्याची नोकरी धरली, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही.

लग्न मात्र वाघोलीतल्या शेतकरी घरात झालं. शेताचा बराचसा भाग इमारतींखाली गेलाय आणि त्यांतल्याच एका इमारतीत सातव्या मजल्यावर आम्ही राहतो. नवरा, मी, आमची दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. त्या फ्लॅटमध्ये सासूबाईंना करण्यासारखं फारसं काही नव्हतं. स्वयंपाकाला बाई होती. गोठा नाही, अंगण नाही, येताजाता हाक मारणारं कुणी नाही. आठवड्यातलं एकच काम सर्वस्वी त्यांचं होतं. शनिवारी संध्याकाळी त्या नातीला पुढ्यात बसवायच्या आणि तिच्या डोक्याला तेल लावायच्या.

तेल त्यांचं स्वतःचं. खोबरेल तेलात माका, जास्वंद, मेथीदाणे आणि कढीपत्ता घालून त्या ते लोखंडी कढईत मंद आचेवर कढवायच्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायच्या आणि सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायच्या. त्या दिवशी घरभर असा वास सुटायचा की मी ऑफिसचे कपडे बेडरूममध्ये कोंडून ठेवायची. तेल लावताना आजी-नातीच्या गप्पा चालत. तास-तास. त्यात मला जागा नव्हती, हे मला तेव्हा खुपत होतं. आज कबूल करायला हरकत नाही.

मुलीचे केस तिच्या वडिलांवर गेलेत, कुरळे आणि कोरडे, भुसभुशीत. मागच्या हिवाळ्यात तिच्या टाळूला खपल्या धरायला लागल्या. शाळेच्या निळ्या स्वेटरवर पांढरा चुरा दिसायचा. मुली चिडवतात म्हणून ती एकदा रडत घरी आली. त्या रात्री मी इंटरनेटवर जेवढं वाचायचं तेवढं वाचलं आणि सकाळपर्यंत तज्ज्ञ झाले. तेलानं कोंडा वाढतो, असं माझं निदान झालं.

सासूबाईंचं उलट होतं. “आगं, टाळू सुकलीया तिची. त्याला त्याल न्हाई लावायचं तर काय लावायचं?”

काय लावायचं, तेही मी शोधून काढलं होतं. ऑफिसातल्या एका कुरळ्या केसांच्या मैत्रिणीनं हेअर ग्रीसची डबी सुचवली होती. परदेशी, हिरवट, व्हॅसलीनसारखी घट्ट. कोरड्या केसांसाठी खास. मी ती मागवली आणि स्वतःच्या हातानं मुलीच्या टाळूला रोज रात्री चोळायला लागले. सासूबाईंनी डबीत बोट बुडवून पाहिलं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

“ह्ये तर चाकाचं वंगन हाय की गं.”

मुलगी खो-खो हसली. मी हसले नाही. ही बाई आपल्याला अडाणी समजते आहे, असं मला वाटलं. माझ्या डोक्यात तोच शब्द त्यांच्यासाठी कित्येक वर्षं तयार होता, म्हणून असेल.

दोन आठवडे झाले तरी खपल्या कमी होईनात. उलट त्या ग्रीसखाली जाड थर जमू लागला. डबीवर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण ती मी निवडली होती. माझा संशय सरळ सासूबाईंवर गेला. शनिवार सोडून इतर दिवशीही, मी ऑफिसात असताना, त्या गुपचूप तेल लावतात, असं मी धरून चालले. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, कारण खोटं बोलायची त्यांना सवय नाही. पण समोरासमोर बोलायचं म्हणजे आवाज चढणार, मग नवरा मध्ये पडणार. मी माहेरची रीत केली.

पांढऱ्या लेबलवर काळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘हे तेल मुलीच्या डोक्याला लावण्यास सक्त मनाई आहे. टाळू तिची आहे, प्रयोगशाळा नव्हे. कळावे.’ लेबल बाटलीवर चिकटवलं आणि कामावर गेले. दुसरं वाक्य सुचलं तेव्हा मी मनाशी हसले होते. ते वाक्य मला आवडलं होतं.

त्या शनिवारी सासूबाईंनी नातीला तेलासाठी बोलावलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. त्यांनी तोंडही पाडलं नाही. उलट जरा खुशीतच दिसल्या. मला वाटलं, समजली बाई. पाटीचा उपयोग होतो, वडिलांचं बरोबर होतं.

खपल्या मात्र वाढतच गेल्या, तेव्हा आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी मुलीचे केस दूर करून भिंगातून पाहिलं आणि विचारलं, “रोज काय लावता?” मी पर्समधून डबी काढून दिली, जरा अभिमानानंच. त्यांनी झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं.

“केस कोरडे असणं वेगळं आणि टाळूला असा कोंडा असणं वेगळं. हे केसांच्या टोकांना बोटभर लावलंत तर एक वेळ चालेल. टाळूवर याचा थर बसतो, त्याखाली सगळं साचतं. आजपासून बंद.”

“आणि घरचं तेल? ते महिनाभर बंद आहे, पण…” मी विचारलं. आवाज कशाला एवढा बारीक झाला कोण जाणे.

“टाळू बरी होईपर्यंत तिथं काहीच चोळू नका. नंतर नहाण्याआधी तासभर केसांना लावा खुशाल. महिनाभर तेल बंदच आहे म्हणता ना? मग तेलाला कशाला दोष देताय?”

त्यांनी औषधी शांपू लिहून दिला. रिक्षात मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी बाहेर बघत होते. घरी गेल्यावर सासूबाईंना सांगायचं, असं मी ठरवलं. घरी गेले आणि सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. असे दहा-बारा उद्या गेले. शांपूनं टाळू निवळत गेली, आणि आता सगळं ठीकच आहे तर जुनं कशाला उकरून काढायचं, असा सोयीचा विचार मी केला.

मग एका रविवारी सासूबाईंची धाकटी बहीण आली, सोबत तिची कॉलेजात शिकणारी नात. मी चहा करत होते. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, फळीवरून तेलाची बाटली काढली आणि दोन्ही हातांत धरून बाहेर घेऊन गेल्या. मी ट्रे घेऊन मागोमाग गेले.

“ही बघ,” त्या बहिणीला म्हणाल्या, “सूनबाईनं माझ्या त्यालाला कागुद लावलाय, दुकानात आसतो तसा. ह्ये त्याल आजीचं हाय, दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई, आसं लिवलंय. पोरीलासुदिक देऊ नगा, संपल म्हनं.”

मी ट्रे टीपॉयवर ठेवला. बारा वर्षं मी या बाईबरोबर राहत होते. रोज सकाळी त्या पेपर उघडून बसायच्या आणि “चष्मा घावंना, वाच की गं मोठ्यानं” असं नातीला म्हणायच्या. बँकेच्या कागदावर सही करताना मी त्यांना पाहिलं होतं, सावकाश, जीभ दातांत धरून. त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं. त्याला वाटायचं, मलाही माहीत असेल. बारा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

बहिणीच्या नातीनं बाटली हातात घेतली. तिनं लेबल वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती मला समजून घेण्याचा प्रयत्न करत होती, आणि ते तिला जमत नव्हतं.

“व्हय आजी,” ती म्हणाली, “तसंच लिहिलंय. अक्षर किती छान आहे.”

दारात माझी मुलगी उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इंग्रजी शाळेत जाते, पण मराठी वाचते. पाटी लावली त्या दिवशी आजीनं तिलाच विचारलं होतं काय लिहिलंय म्हणून. आईचं म्हणणं मोडू नये आणि आजीलाही लागू नये, असं काहीतरी दहा वर्षांच्या पोरीनं उभ्या उभ्या शोधून काढलं होतं. माझा अख्खा जन्म सूचना लिहिण्यात गेला, मला ते सुचलं नसतं.

पाहुणे गेल्यावर तिनं मला बेडरूममध्ये गाठलं. “तू आजीला सांगणारेस?” मी ओढणीची घडी घालू लागले. “नको सांगू,” ती म्हणाली, “प्लीज. तिला किती आवडलंय ते.”

मला सांगायचं नव्हतंच. लेबल खरवडून टाकावं, बाटली फुटली म्हणावं, नवं काहीतरी गोड लिहून लावावं, सगळे पळपुटे मार्ग मी डोक्यात फिरवले. पण मग माझ्या मुलीला ते खोटं आयुष्यभर माझ्यासाठी सांभाळावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी सुट्टी घेतली आणि बाटली घेऊन सासूबाईंसमोर खाली बसले.

“आई, यावर जे लिहिलंय असं तुम्हाला वाटतंय, ते लिहिलेलं नाहीये.”

त्या निवडलेली मेथी बाजूला सारत म्हणाल्या, “मग काय लिवलंय?”

“मी रागानं लिहिलं होतं.”

“वाच.”

मी टाळाटाळ केली. डॉक्टरांचं सांगितलं, डबीचं सांगितलं, चूक माझीच होती म्हटलं. त्या ऐकत होत्या. मी थांबल्यावर परत म्हणाल्या, “वाच.”

मी वाचलं. सक्त मनाई वाचलं. प्रयोगशाळा वाचलं. त्यांनी विचारलं, प्रयोगशाळा म्हणजे काय. जे वाक्य सुचल्यावर मी मनाशी हसले होते, त्याचा अर्थ मला त्यांना फोड करून सांगावा लागला: डॉक्टर लोक उंदरांवर औषधं लावून बघतात ती जागा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी बाटली हातात घेतली आणि लेबलवरून अंगठा फिरवला.

“माज्या बहिनीच्या नातीनं वाचलं काल.”

“हो.”

“आन आपल्या पोरीनंबी.”

“हो.”

“म्हंजी सगळ्यास्नी ठावं हुतं. मीच तेवढी गावभर सांगत हुते.” त्यांनी मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. “पोरीला काय बोलू नगंस. तिनं माज्यासाठी केलं.”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. शनिवारी मी त्यांना म्हटलं, “आई, आता तुम्ही तिच्या केसांना तेल लावा, डॉक्टर हो म्हणाल्यात.” त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. “तुजं तू लाव,” म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मी लावलं. मुलगी मुकाट बसली होती. माझ्या बोटांना ते येत नव्हतं. तेल मानेवर ओघळत होतं. सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या आणि त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

हे होऊन चार महिने झाले. मुलीची टाळू आता स्वच्छ आहे आणि तेल मीच लावते. शनिवारी संध्याकाळी तेल लावून झालं की ती आजीच्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. पहिल्या दोन वेळा मला वाटलं, गप्पा मारत असतील. मग एकदा मी धुतलेले कपडे ठेवायला आत गेले. पलंगावर मुलीची जुनी रेघांची वही होती आणि सासूबाई तिच्यावर वाकून पेन्सिलीनं ‘क’ गिरवत होत्या. त्याच चिवट सावकाशपणे, जीभ दातांत धरून. मी म्हटलं, “अरे वा, आई!”

“ऱ्हायचं हाय न्हवं हितं,” त्या म्हणाल्या, “मग वाचाया यायला पायजे.”

मी म्हणाले, मी शिकवते, मला वेळ असतो. आता मी त्या खोलीत पाऊल टाकलं की त्या वही मिटतात, आणि मी बाहेर जाईपर्यंत उघडत नाहीत.