देवगिरीचं मीठ, आमचं डिझेल

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आठजण बर्फातल्या सीमेवरच्या पोस्टवर चढलो. मी हवालदार, पोस्ट कमांडर. एक बंकर, एक रेडिओ सेट, दोन स्टोव्ह. प्यायचं पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. केरोसीन संपलं की पाणी संपलं.

लान्स नायक बाबू कोकरे माझ्याच मुळशीचा, ताम्हिणीच्या धनगराच्या घरचा. बाहेरून बी.ए. करत होता, विषय इतिहास. एक साल धरायचं आणि त्या साली जगात कुठं काय झालं ते आम्हांला ऐकवायचं, ही त्याची अभ्यासाची रीत. तेव्हा १२९६ चालू होतं. आळंदीला माउलींनी समाधी घेतली. इंग्लंडच्या राजानं स्कॉटलंडच्या सीमेवरचं शहर घेऊन कत्तल केली. फ्लॉरेन्समध्ये मोठ्या चर्चचा पाया घातला. दिल्लीत पुतण्यानं चुलत्याला मारून गादी घेतली; त्याआधी त्याच पुतण्यानं देवगिरी लुटली. वेढा पडताना धान्य म्हणून घाईनं गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं सांगतात.

"एकानंबी पोतं उघडलं न्हाई?" मी विचारलं.

"तोंडं शिवल्याली व्हती, दादा."

"मी असतो तर पयलं पोतं फाडलं असतं."

मी तसाच आहे. आज निवृत्त होऊन मारुंजीत विटा-वाळू विकतो. ट्रकवर स्वतः चढून माल बघितल्याशिवाय चलनावर सही करत नाही.

त्या गप्पांनंतर तीन दिवसांनी, १०२० वाजता पोर्टर केरोसीनचे सहा जेरीकॅन घेऊन आले. हवा बिघडत होती. मी एकाच्या सीलला हात घातला. खालच्या पोस्टवरून सुभेदारसाहेब सेटवर आले.

"सील साबूत आहेत? ओव्हर."

"आहेत, साहेब. उघडून बघतो. ओव्हर."

"तोडलंस तर माल तुझ्या गळ्यात. सही कर, पोर्टर सोड. आउट."

मी सही केली.

दोन दिवसांनी जुनं केरोसीन संपलं. पहिला कॅन उघडला. आत मैदानी भागातलं डिझेल, थंडीनं मेणासारखं झालेलं. सहाही कॅन तसेच. मी सेटवर सुभेदारसाहेबांना शिव्या घातल्या.

"भाषा सांभाळ. केरोसीन न्यायला दोघं खाली पाठव. ओव्हर."

कोकरे बूट आवळत होता. "देवगिरीवाल्यांना निदान मीठ तरी घावलं, दादा." सगळे हसले.

"उतारावरचा बरफ कच्चा हाय, बाबू."

"घाटातला हाय मी. उतार मला शिकवू नका."

११४० ला तो एका शिपायाला घेऊन उतरला. १३२५ ला परत येताना दिसले, कॅन कोकरेच्या पाठीवर. तेवढ्यात उतारावरचा बर्फ सुटला. शिपाई बाजूला फेकला गेला. आम्ही फावड्यांनी, जेवणाच्या मेसटिननी खणलं. १५१० ला कोकरे सापडला. कॅन पाठीला तसाच होता, झाकण घट्ट. त्या केरोसीनवर आम्ही सातजण पाणी प्यायलो.

चौकशीत कारण लिहिलं, हिमस्खलन. मी टेबलावर हात आपटला. "डिझेल लिहा."

"सही तुमची आहे," अधिकारी म्हणाले.

"आहे. तीपण लिहा."

दोन्हींपैकी काहीच लिहिलं नाही. नंतर केलेल्या माझ्या एकाही अर्जाला आजवर उत्तर नाही.

ताम्हिणीला गेलो तेव्हा त्याची आई मेंढरांच्या वाड्यात होती.

"बरफ पडत हुता, तर तितं त्याला धाडला कुणी?"

"मी, आई."

"दर साली येत जा," ती म्हणाली.

जातो. गावानं दगड उभा केला आहे. वर लान्स नायक बाबू कोकरे, वय चोवीस. खाली मरणाचं कारण, हिमस्खलन, कोरायचं होतं. ती ओळ मी अजून कोरू दिलेली नाही.